गुरुवारचं पहिलं ताट

तो माणूस दारात येऊन कोसळला तेव्हा राजसीच्या हातात वाढलेलं ताट होतं. त्याच्या मागोमाग सळया आणि बॅटा घेतलेला घोळका आला. चिखलोलीच्या त्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये गच्चीवरचे पितळी नळ चोरीला जात होते, आणि आज हा देऊ, साईटवर माती उचलणारा बारवी धरणाकडचा मजूर, गोणीत नळ भरताना सापडला होता. मग काय, ज्याला त्याला हात साफ करून घ्यायचा होता. ऑफिसात साहेबापुढे मान वर न करणारी माणसंसुद्धा लाथ घालायला धावली होती.

राजसी आणि तिचा नवरा गुरुदत्त, दोघांचा गुरुवारचा एक नेम होता. दत्ताला नैवेद्य दाखवला की पहिलं ताट दारात येईल त्याचं. कचरेवाली, कुरिअरवाला, वॉचमन, कुणीही. तो कोण, कुठला, विचारायचं नाही. घरात येतं ते सगळं दत्ताचं, आपण नुसते वाढपी, असं दोघंही मानत. त्या ताटाआधी घरात कुणी घास घेत नसे. शेजारी हसायचे. हसू देत बापडे.

राजसीने पाट सरकवला. गुरुदत्तने काखेत हात घालून देऊला उचललं आणि पाटावर बसवलं. त्याचा खालचा ओठ फाटून लोंबत होता, एक डोळा पार मिटला होता. त्याने पहिला घास तोंडात घातला आणि दाताचा तुकडा भातात पडला.

सोसायटीचे सेक्रेटरी हिंदुराव उंबऱ्यापर्यंत आले. "गुरुदत्तराव, बाहेर द्या त्याला. उगाच तुमच्या लाद्या खराब होतील."

"जेवतोय तो," गुरुदत्त म्हणाला. "भरल्या ताटावरून कुणाला उठवतात का?"

सगळे तेच ऐकत लहानाचे मोठे झाले होते. हिंदुराव हसले. खाऊ दे म्हणाले, खाऊन खाऊन किती खाईल, ताट रिकामं झालं की घेऊ बाहेर. घोळका दाराबाहेर थांबला. कुणीतरी कठड्यावर सळई आपटत राहिलं. देऊने दुसरा घास कितीतरी वेळ तोंडात घोळवला.

ती सळई आपटणारा वरद होता. राजसी-गुरुदत्तचा एकुलता एक मुलगा. गच्चीवर देऊला धरणारा तोच, आणि पहिला फटका त्याचाच. शर्टावर रक्ताचे शिंतोडे होते, आणि डोळ्यांत जे होतं ते आईबापाने कधी पाहिलं नव्हतं. आणखी एक सळई डोक्यात बसली की हा मरणार आणि आपला पोरगा खुनी होणार, एवढंच गुरुदत्तला दिसत होतं. आत जाऊन त्याने पोलिसांना फोन लावला. गाडी निघाली, असं पलीकडून सांगितलं. कुठून निघाली ते देव जाणे.

राजसी वाढत राहिली. भात, आमटी, पुन्हा भात. देऊने पुरे म्हणून ताटावर हात आडवा धरला, तर तिने त्याच्या बोटांवरच भात वाढला.

"नको म्हणू नका," ती हळूच म्हणाली. "ताट रिकामं होऊ देऊ नका."

तेव्हा त्याला कळलं. मग तो खात राहिला. भात लाल होत गेला तरी खात राहिला. एकदा ओकारी आली, ती त्याने गिळली.

नेमाचा भात संपला, घरच्यांसाठी ठेवलेलाही संपत आला. पातेल्याच्या बुडाला उलथन्याची खरखर झाली आणि ती बाहेर ऐकू गेली. हिंदुरावांनी तंबाखू थुंकली. कुणीतरी बॅट या हातातून त्या हातात घेतली.

राजसीने खरवड एका ताटात काढली आणि ते ताट देऊच्या समोर मांडलं.

"वरद, हात धुऊन ये. तुझं ताट वाढलंय."

"आई, तू मध्ये पडू नकोस. चोर आहे तो."

"सकाळपासून उपाशी आहेस तू. आणि तुझं जेवण होईपर्यंत ही पंगत उठायची नाही."

मागे कुणीतरी खिदळलं. वरदचे कान लाल झाले. त्याने आत पाहिलं. पातेलं पालथं पडलं होतं. जे काही उरलं होतं ते त्याच्या ताटात होतं, आईबापाची ताटं ओट्यावर उपडीच होती. त्याने सळई दाराला टेकवून ठेवली आणि तो बेसिनपाशी गेला. नखांतलं रक्त निघायला बराच वेळ लागला. घोळक्यातले एकदोघे घड्याळ बघत जिन्याकडे वळले. बाकीचे उभे होते.

वरद येऊन देऊच्या समोर मांडी घालून बसला. भात अळणी लागला असावा, त्याने मीठ घ्यायला हात पुढे केला.

समोरच्या माणसाने उष्ट्या हातांनी डोकं झाकलं आणि तो पाटावरच दुमडला.