तीन हसरे चेहरे

शिंपीकाका रोज दुपारी हातातलं काम बाजूला ठेवून एक मजेशीर व्हिडिओ निवडायचे आणि दूरदेशीच्या मुलाला पाठवायचे. कधी चप्पल पळवणारं माकड, कधी भाषणात डुलक्या काढणारा मंत्री. पाठवायचा अवकाश, की मुलाचे तीन हसरे चेहरे हजर.

"पोट धरून हसतो बघा," ते शेजारच्या घड्याळवाल्याला कौतुकानं सांगायचे.

आज त्यांनी स्वतःचाच व्हिडिओ काढला. शिलाई मशीनवर चादर घातली, शटर ओढलं आणि शेवटी म्हणाले, "दुकान कायमचं बंद केलं रे. हात थरथरतात आता. एकदा येऊन जा."

व्हिडिओ दोन मिनिटांचा होता. दहा सेकंदांत तीन हसरे चेहरे आले.

"काय म्हणतो मुलगा?" घड्याळवाल्यानं विचारलं.

"माझंच चुकलं," काका कुलूप ओढून बघत म्हणाले. "फार लांबला. उद्या छोटा पाठवतो."