सॉल्टकोट्सची दोन मिनिटं

"थांब. दारं लावू नकोस."

मर्डोचं बोट बटणावरच राहिलं. केबिनमधल्या छोट्या पडद्यांवर फलाट रिकामा दिसत होता. शेवटच्या पडद्यावर मात्र नुसते ओघळ होते, वाऱ्याने समुद्राचं पाणी कॅमेऱ्यापर्यंत उडवलं होतं. इंटरकॉमवरचा आवाज सेंगाचा होता, मागच्या डब्यातून.

"आता काय झालं?"

"म्हातारं माणूस चढतंय. थांब म्हटलं ना."

गेल्या चौदा महिन्यांत ती त्याच्याशी याहून जास्त कधी बोलली नव्हती. त्याआधी अकरा वर्षं ती त्याच्याच गाडीवर गार्ड होती. दारं ती लावायची, घंटा ती द्यायची, मग गाडी हलायची. पुढे कंपनीने दारं ड्रायव्हरांच्या हाती द्यायचं ठरवलं. ड्रायव्हरांच्या सभेत मर्डोने होकाराचा हात वर केला. कुणाची नोकरी जाणार नाही, असं त्याला सांगितलं होतं आणि ते खरंही ठरलं. सेंगा गाडीवरच राहिली, तिकिटं तपासायला. फक्त आता ती आली नाही तरी गाडी सुटत होती.

त्या संध्याकाळी त्याच्या वडिलांनी त्याला उंबऱ्यातच अडवलं. लॅकलन गिलख्रिस्टने एक्केचाळीस वर्षं गार्डचा हिरवा बावटा दाखवला होता. "गाडीची दारं तू लाव बाबा," म्हातारा म्हणाला होता, "माझ्या घराचं मी लावतो." आणि त्याने खरंच लावलं. मर्डोने दोनदा पत्र घातलं. उत्तर आलं नाही. तिसऱ्यांदा त्याला धीर झाला नाही.

फोन वाजला. नियंत्रण कक्ष. "सॉल्टकोट्सला कशाची वाट बघताय?"

"प्रवासी चढतोय."

"परत? दर बुधवारी तुमचा प्रवासी चढतच असतो का हो?"

मर्डोने ओठ आवळले. खरंच होतं ते. आठ बुधवार झाले, याच स्टेशनवर, दोन-दोन मिनिटं. त्याला आता कळून चुकलं होतं. ही बाई मुद्दाम करते. दारं तिच्याशिवाय लागत नाहीत, हे माझ्या नाकावर टिच्चून दाखवायचंय तिला.

"आता सोड," सेंगा म्हणाली.

लार्ग्जला, शेवटच्या स्टेशनवर, गाडी अकरा मिनिटं थांबायची. शेवटचा प्रवासी उतरताच मर्डो केबिनला कुलूप लावून फलाटावरून ताडताड मागे निघाला. काय बोलायचं ते त्याने वाटेत चारदा घोकलं. शेवटच्या डब्यात पाय ठेवला आणि तो दारातच थबकला.

खिडकीशी त्याचे वडील बसले होते. किती वाळले होते! पांढरी काठी गुडघ्यांत धरलेली, अंगावर सेंगाचा कोट, हातात वाफाळता कप. मर्डो समोर उभा असूनही त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. डोळे गेल्याचं त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

"मर्डो ना?" म्हातारा म्हणाला. "टाच घासत चालतोस अजून. बूट फुकट घालवशील."

"बाबा... तुम्ही इथे कसे?"

"ब्रेक ऐकायला येतो तुझे. ही पोरगी हाताला धरून चढवते, परतताना हाताला धरून उतरवते. लार्ग्जच्या अलीकडच्या वळणावर घाई करतोस. बाकी बरं चालवतोस." म्हाताऱ्याने एक घोट घेतला. मग म्हणाला, "आणि तुझा चहा पोचतो बरं का. पहिल्या बुधवारी मी ओतूनच टाकणार होतो. म्हटलं, चहाने माफी मागतो काय? पण ही म्हणाली, घरून करून आणतो तो तुमच्यासाठी, स्वतः द्यायला लाजतो. आठ बुधवार झाले. माझाही हट्ट पुरे झाला. रविवारी जेवायला ये."

मर्डोने आयुष्यात कधी कुणाबरोबर चहा पाठवला नव्हता.

त्याने सेंगाकडे पाहिलं. ती पाठ करून उभी होती. स्वच्छच असलेली काच बाहीने पुसत होती. तिचे कान लाल झाले होते.

मर्डो वडिलांसमोर खाली बसला. त्यांचा गार हात त्याने दोन्ही हातांत घेतला.

"साखर दोनच चमचे घालतो मी," तो म्हणाला. "बरोबर असते ना, बाबा?"