दाराचं पान

"माझं दाराचं पान कुठाय?" चार वर्षांच्या चिमणीने भिंतीपाशी उभं राहून बाबांना विचारलं.

बालवर्गाच्या भिंतीवर प्रदर्शन लागलं होतं. वर ठळक अक्षरांत 'चिमुकल्या हातांचे निसर्गठसे', आणि खाली ओळीने कागद. प्रत्येक कागदावर एक हिरवं पान. सगळी पानं एकाच मापाची, एकाच वळणाची, नुसते एकाच माळेचे मणी. कुठे बोटाचा डाग नाही की रंगाचा ओघळ नाही. आईबाप फोन उंचावून फोटो काढत होते आणि वा वा करत होते. एकालाही शंका येऊ नये याची चीड येते.

"हे काय तुझं. खाली नाव आहे बघ," बाबा म्हणाले.

"हे नाही! माझ्या पानाला दार होतं. अळीने केलेलं. ती त्यातून घरात जायची."

बाबांना हे पाठ होतं. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. पानाच्या शिरांच्या बाजूला रंग लावायचा, पान कागदावर पालथं घालायचं, तळहाताने दाबायचं आणि मग हळूच उचलायचं. सगळं पान हिरवं उमटतं, दार तेवढं पांढरं राहतं. त्यांनी वर्गाच्या ताईंना हाक मारली.

ताई हसतच आल्या. "अहो, ते काय लावणार? किडकं पान, त्यात रंगाचा नुसता राडा. सगळ्यांचं तेच. शेवटी पानाचा रबरी शिक्का आणला आणि आम्हीच उरकून टाकलं. पालक येणार म्हटल्यावर चार लोकांत बरं दिसायला नको?"

हे त्या मुलीसमोर बोलल्या. आवाजही खाली आणला नाही.

"मग मुलांचे कागद?"

ताईंनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे पालकांसाठी पाण्याचं पिंप ठेवलं होतं. त्याची तोटी गळत होती, म्हणून खाली फरशीवर कागद अंथरले होते. लोक पाणी पीत होते आणि त्यावरूनच ये-जा करत होते.

चिमणीने आपला कागद लांबून ओळखला. दारावर कुणाच्या तरी बुटाचा ठसा उमटला होता. ती धावत जाऊन उचलायला वाकली, तर ताईंनी तिचा हात मागे ओढला.

"शी! घाण आहे ते. आणि दार कसलं गं, किडक्या पानाचं भोक ते! भिंतीवरचं तुझं किती सुंदर आहे. कसं आहे, सांग बाबांना?"

चिमणीने बाबांकडे पाहिलं. बाबा मिठाची गुळणी धरून उभे होते. चारचौघांत वाद कशाला, म्हणून.

"छान आहे," ती म्हणाली.

वर बाबांनी त्या शिक्क्याशेजारी उभं करून तिचा फोटोही काढला. किळस यावी ती इथे.

बाहेर फाटकाशी आल्यावर मात्र त्यांना राहवेना. कुंपणाच्या झुडपातून त्यांनी शोधून एक पान तोडलं आणि तिच्यापुढे धरलं. "हे बघ, याला तर दोन दारं! घरी जाऊन ठसे काढू या?"

चिमणीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"शी! भोकं आहेत ती."