काविळीवर उसाचा रस

डॉक्टरांनी परीक्षानळीतल्या निळ्या औषधात प्लासिडच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं. समोर नवऱ्याशेजारी बसलेल्या सेलिनने डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तेव्हा नळीत विटेसारखा लाल रंग होता.

"पिवळं नाय राहिलं ना?" तिने विचारलं. "सुटलो बाबा!"

तिचं चुकलं असं म्हणता येणार नाही. नवऱ्याला कावीळ झाल्यापासून दोन वर्षं ती बिचारी पिवळ्यावरच नजर ठेवून होती. त्याचे डोळे, नखं, बनियनच्या काखा. घरात हळदसुद्धा बंद. लाल रंगाला भ्यायचं असतं हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

"लाल म्हणजे साखर," डॉक्टर म्हणाले. "लघवीतून साखर जातेय. म्हणून यांना एवढी तहान, म्हणून वजन उतरतंय."

"साखर असणारच," सेलिन खुशीत म्हणाली. "रोज तांब्याभर उसाचा रस देते. वर ग्लुकोज. चार वाजता सुकेळी, आमच्याच वाडीतल्या केळ्यांची. काविळीला गोड पाहिजे, तुम्हीच तर सांगितलेलं."

"महिन्यापुरतं सांगितलं होतं, बाई!"

"महिन्याने डोळे साफ झाले. गुण येतो ते औषध कोण बंद करील?"

कावीळ डोळ्यांत दिसत नसली तरी आत तशीच आहे, मुंबईला पाठवलेल्या रक्तात काविळीची खूण, ते ऑस्ट्रेलिया अँटिजेन, अजून सापडतंय, असं काहीतरी डॉक्टर सांगू लागले.

"ऑस्ट्रेलिया?" सेलिन आणखीच गोंधळली. "आमचे लोक कुवेतला गेलेत. ऑस्ट्रेलियाला कोणी नाय."

"ते नुसतं नाव आहे हो. यकृत आजारी आहे, एवढं समजा. आणि यकृत आजारी असलं की कधीकधी अंगात इन्सुलिन असूनही अंग त्याला दाद देत नाही. मग साखर रक्तात तुंबते. आजपासून रस, ग्लुकोज, सुकेळी, सगळं बंद."

"म्हणजे रसाने झालं?" सेलिनने विचारलं. "मी पाजला म्हणून?"

डॉक्टर दिवा विझवत राहिले. प्लासिडने पाणी मागितलं, तशी ती उठून बाहेरच्या माठाकडे गेली.

प्लासिड पुढे झुकला. "डॉक्टरसाहेब, तिला सांगा, रसाने नाय झालं."

"तसं खात्रीने कसं सांगू? यकृतामुळे असेल, रसाने भर पडली असेल, तिसरंच काही असेल. मलाच नक्की कळत नाहीये."

"तुम्हाला कळत नाय, मला कळत नाय. मग तिने एकटीनेच कशाला कळून घ्यायचं?" बोलताना त्याला धाप लागली. "दोन वर्षं उन्हातान्हात तांब्या घेऊन नाक्यावर जाते ती माझ्यासाठी. हे डोक्यात बसलं तर माझ्याआधी तीच जाईल."

सेलिन पाणी घेऊन आली. डोळे पुसलेले होते, पण धड पुसलेले नव्हते. डॉक्टरांनी खोटं बोलायचं ठरवलं, आणि सवय नसलेला माणूस बोलतो तसे जरा जास्तच मोठ्याने बोलले.

"हे पाहा बाई, रसाने काहीही झालेलं नाही. तुमचा तिळभर दोष नाही."

सेलिनने क्रुसाची खूण केली. प्लासिडने पेला एका दमात रिकामा केला. किती दिवसांनी त्याला हलकं वाटलं.

"देव बरं करो तुमचं," ती डॉक्टरांना म्हणाली. पिशवी उचलून निघाली, पण दारातच थांबली. तिच्या कपाळाला आठी पडली होती.

"पण डॉक्टर, रसाने नाय झालं, तर मग तो बंद कशाला करायचा?"