अखंड दांडा

हझमानला लाल दांडाच हवा होता.

"काळा नको, बांग. काळा कुणाला दिसणार? बॉनेट उघडलं की डोळ्यांत भरला पाहिजे."

हझमान ज्याला बांग, म्हणजे दादा, म्हणत होता त्या गॅरेजवाल्या बहारोमने लाल आणि काळा असे दोन्ही स्ट्रट बार बाकावर ठेवले होते. स्ट्रट बार म्हणजे इंजिनावरून आडवा जाणारा दांडा. दोन्ही बाजूंच्या शॉकॲब्सॉर्बरची डोकी तो एकमेकांना जखडून ठेवतो, मग वळणावर गाडी डुलत नाही. तापाह गावाहून कॅमेरनचा घाट चढणाऱ्यांना त्याचं भारी वेड. काळ्या दांड्याला मधोमध आटे होते, फिरवून लांबी कमी-जास्त करता येई. लाल मात्र अखंड होता.

"जुन्या गाडीला काळा बरा पडतो, एन्चिकसाहेब. थोडं इकडेतिकडे असलं तर सांभाळून घेतो."

"माझ्या गाडीत काही इकडेतिकडे नाही. एक ओरखडा दाखव. वळणावर जरा डावीकडे ओढते, एवढंच. दांडा टाक, जाईल म्हणाला मित्र. मोठ्या गॅरेजात गेलं की ते मशीनवर चढवतात आणि नको ते विचारत बसतात."

हझमान आल्यापासून बोलतच होता. डुरियन फळांचे भाव झाले, मेहुण्याची नोकरी झाली, आता संध्याकाळी एकटाच घाट चढून दांडा कसा चालतो ते बघणार, हेही सांगून झालं. असली गिऱ्हाइकं बहारोमला नवी नव्हती. तो हं हं करत काम करायचा.

लाल दांड्याच्या खोक्याला पिवळी प्लॅस्टिकची पट्टी आवळलेली होती. बहारोमने ती कापली, गुंडाळली आणि खिळ्याला टांगली. सवय जात नव्हती. या पट्ट्यांच्या तो टोपल्या विणायचा आणि उसवू नयेत म्हणून प्रत्येक टोक लायटरने भाजून अंगठ्याने दाबायचा. त्याची बायको रोकिया मोटरसायकलला त्या टोपल्या बांधून पहाटे नासी लेमाकच्या, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताच्या, पुड्या विकायला जायची. गेल्या रोज्यांच्या आधी एका पांढऱ्या गाडीने तिला मागून उडवलं. गाडी थांबली. माणूस उतरला, "गेला माझा दिवा" म्हणाला आणि निघून गेला. रोकिया गटारात पालथी पडून ते ऐकत होती. खुब्याचं हाड दोनदा जोडलं, तरी वॉकर सुटला नाही. पोलिसांना गाडी सापडली नाही. बहारोमला मात्र रस्त्यावरची प्रत्येक पांढरी गाडी तीच वाटायची. हझमानचीही पांढरीच होती, पण तशा तापाहमध्ये काय कमी आहेत?

गाडी चारही चाकांवर उभी ठेवूनच हे काम करायचं. बहारोमने दोन्ही बाजूंचे तीन-तीन नट काढून वाटीत टाकले आणि दांडा उचलला. उजवीकडे तो तिन्ही बोल्टांवर अलगद बसला. डावीकडे बोटभर लांब पडला.

"उलटा धरलायस की काय?" हझमान हसला.

बहारोमने फिरवून पाहिला. तेच. दांड्यात खोट नव्हती. डावीकडचा पत्राच शॉकॲब्सॉर्बरच्या डोक्यासकट बोटभर आत आला होता. विजेरी घेऊन तो डाव्या दिव्यामागे वाकला. नव्या पांढऱ्या रंगाखाली पत्र्यावर पत्रा चिमटला होता आणि त्या चिमट्यात पिवळं काहीतरी होतं. एकमेकींखालून विणलेल्या दोन पट्ट्यांचा तुकडा. एकीचं टोक भाजून दाबलेलं.

त्याने विजेरी जवळ नेली; टोकावरचा दाब त्याच्याच अंगठ्याचा होता.

नट नुसते हाताने फिरवून सोडायचे. बाकीचं काम घाटातल्या एखाद्या वळणाने केलं असतं. बहारोमला हा विचार आला आणि, खोटं कशाला सांगा, फार गोड लागला. गाडी दरीत जाताना त्याने मनातल्या मनात दोनदा पाहिली. पण त्यात रोकियाच्या वाट्याला काय येणार होतं? दुसऱ्या दिवशी कुणीतरी आणून दिलेली बातमी.

त्याने पकडीने तो तुकडा ओढून काढला. सरळ उभा राहिला. वाटीतले सगळे नट उचलून खिशात टाकले.

"काय झालं?" हझमानने विचारलं.

"दांडा सरळ आहे. गाडी वाकडी आहे."

"मग काळा टाक. त्याची लांबी कमी होते ना?"

"होते. तो टाकला असता तर मला कधीच कळलं नसतं. मी दाखवत होतो, तुलाच नको होता."

हझमानला ते 'तू' खुपलं. "नट दे इकडे. मी दुसरीकडे बघतो."

"बिननटाची ने. पहिल्या खड्ड्यात चाक लोंबेल."

बहारोमने पिवळा तुकडा बाकावर, लाल दांड्याशेजारी ठेवला. मग गॅरेजमागच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "रोकिया, जरा बाहेर ये. सावकाश ये, घाई नाही. गाडी कुठे जात नाही."

आत वॉकर फरशीवर टेकला. पुन्हा टेकला.

हझमानने तुकड्याकडे पाहिलं, खिळ्याला टांगलेल्या पट्टीकडे पाहिलं.

"आल्यापासून तोंडाला खीळ नव्हती," बहारोम म्हणाला. "आता काय झालं? तिने तुझा चेहरा पाहिला नाही, नुसता आवाज ऐकलाय."

वॉकर उंबऱ्याशी येऊन थांबला. डोक्यावरचा रुमाल सावरत रोकियाने विचारलं, "कोण आलंय?"

बहारोमने तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं आणि हझमानकडे वळला.

"बोल. तीनच शब्द. त्या पहाटेचे."