पैलवानाचं रक्त

उंटवाल्याचा पाय काही एका जागी ठरेना. जनावरांच्या दवाखान्याच्या ओसरीवर त्याच्या फेऱ्या चालल्या होत्या. आत डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या, आणि काचेवर रक्ताचा एक थेंब होता. फाटकाशी त्याची बायको बसली होती. तिच्या शेजारी म्हातारी उंटीण, नुसता हाडांचा सापळा.

"बसा हो जरा," बायको म्हणाली. "तुमच्या फेऱ्यांनी काय रक्त सुधारणार आहे?"

तो बसला आणि लगेच उठला. नदीपलीकडच्या कुरणात जायचं तर कळपातल्या रोडावलेल्या जनावराचं रक्त आधी तपासावं लागे. त्यात किडे निघाले की अख्खा कळप अडकला, आणि इथं तर गवताची काडी उरली नव्हती. उंट परक्याला रक्त काढू देत नाही, म्हणून रक्त मालकानंच घरून नळीत भरून आणायचं, असा इथला शिरस्ता. त्यानं नेमका त्याचाच फायदा घेतला होता. पहाटे त्यानं नळी भरली ती म्हातारीच्या नाही, पैलवानाच्या कानातून. बायकोला याचा पत्ताच नव्हता.

पैलवान म्हणजे कळपाचा राजा. भरदार मान, तुकतुकीत कातडी. बायकोनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेला, ती त्याला थोरला म्हणायची. पोटच्या पोरांनी त्यावर तक्रार करून पाहिली होती, पण उपयोग शून्य. त्याच्या रक्तात खोट निघणं शक्यच नव्हतं. तरी उंटवाल्याची नजर पुन्हापुन्हा आतल्या काचेकडे जात होती. लबाडी करायची त्याला सवय नव्हती.

"काका, आत या. यातून बघा."

त्यानं डोळा लावला. तांबड्या ठिपक्यांच्या गर्दीत काहीतरी बारीक वळवळत, धक्के मारत चाललं होतं.

"किडे," बाई म्हणाल्या. "माशी एकाला चावते, मग शेजारच्याला, आणि हे पसरतात. चला, इंजेक्शन देऊन टाकू."

पैलवानाच्या रक्तात किडे! तोवर बाई सुई घेऊन फाटकाशी पोचल्यासुद्धा. बायकोनं मान धरून ठेवली, त्यांनी म्हातारीची पापणी उलटून पाहिली, ओठ वर केला आणि त्या थबकल्या.

"पापणी तर चांगली लाल आहे, किडे असते तर पांढरी पडली असती. दात मात्र पार झिजलेत, चारा चावताच येत नाही बिचारीला. रोडावली ती त्यानं. पण मग हे किडे?" त्यांनी मान हलवली. "हिला वेगळी ठेवलीय ना?"

"महिनाभर एकटीच बांधतोय," बायको म्हणाली.

"शहाणे आहात. तेवढ्यानं कळप वाचला."

बाईंनी सुई वर धरली. गप्प राहिलं तर अब्रू वाचत होती, आणि पैलवान हातचा जात होता. उंटवाल्यानं त्यांचा हात धरला.

"हिला नको," तो म्हणाला. "रक्त पैलवानाचं आहे. आमच्या मोठ्या उंटाचं."

बायकोनं म्हातारीच्या मानेवर डोकं टेकलं.

"तो कुठं असतो?" बाईंनी विचारलं.

"कळपाच्या मधोमध," उंटवाला म्हणाला. "हिची लागण त्याला होऊ नये म्हणून महिनाभर मीच त्याला तिथं बांधतोय."