थांबला तो बाद

"मध्येच थांबलं तर बाद, हो ना? अगदी नक्की?"

इकेरने हे तिसऱ्यांदा विचारलं. दाराशी स्पर्धेचा बिल्ला लावून उभ्या असलेल्या माणसाने वैतागून मान डोलावली. इकेर बाकावर येऊन बसला आणि शेजारच्या सेनाइदाच्या पुडीतले परतलेले नाकतोडे न विचारता खायला लागला. तिने पुडीच त्याच्याकडे सरकवली. घाबरलाय बिचारा, असं तिला वाटलं.

बिचारा कसला! मेक्सिकोतल्या अर्ध्या वाहाका शहरात त्याच्या बापाची फर्निचरची दुकानं. या सभागृहातल्या मखमली खुर्च्याही त्यांनीच दान दिलेल्या, आणि दान गुप्त राहू नये म्हणून प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर नावाची पितळी पट्टी ठोकलेली. आई, दोन्या ग्रासिएला, पहिल्या रांगेत पंखा हलवत बसली होती. पोरगा सात वर्षांचा होता तेव्हा तिने त्याला क्लॅरिनेटला जुंपला, तो आज सतरा वर्षांचा होईपर्यंत सोडला नव्हता. मैत्रिणींना ती आत्ताच सांगत होती, आमचा इकेर राजधानीत शिकणार, मग युरोपात. इकेरला कुणी विचारलं होतं की नाही, देव जाणे.

राजधानीतल्या संगीत विद्यालयात जागा एकच होती. ती पहिल्या नंबराला मिळणार होती, राहण्याखाण्याच्या सोयीसकट. सेनाइदाला ती हवी होती. पुढच्या महिन्यात तिला अठरा पूर्ण होणार, मग ती वयात बसणार नव्हती, म्हणजे ही शेवटचीच संधी. मिहे आदिवासींच्या डोंगरातल्या गावाहून ती वळणावळणाला ओकत बसने आली होती. बरोबर मामा आबुंदियो, गावच्या बँडचा म्होरक्या.

दोन्या ग्रासिएलाने सेनाइदाच्या पायातल्या चपला पाहिल्या. "मयतीत वाजवणाऱ्यांनाही आता इथे घेतात वाटतं," ती मोठ्याने म्हणाली. परीक्षक उर्किदी मास्तर लगेच हसले. हे उर्किदी दोन वर्षं युरोपात राहून आले होते आणि पुढची वीस वर्षं त्यांनी तेच सांगण्यात घालवली होती.

इकेरची पाळी आली. धून सगळ्यांना एकच नेमून दिलेली होती. सेनाइदाचा नंबर त्याच्या मागचाच, म्हणून ती क्लॅरिनेट जोडून, तोंडाजवळची वेताची पत्ती ओली करून पडद्याआड उभी राहिली. इकेर चोख वाजवत होता. एक सूर इकडचा तिकडे नाही, आणि जीव कुठेच नाही. पहिल्या रांगेला असलंच वाजवणं आवडतं. माना डोलायला लागल्या.

संथ भाग आला आणि तो थांबला. क्लॅरिनेट ओठांवरून खाली घेतलं. सरळ आईकडे पाहिलं. साथीला बसलेल्या पियानोवाल्या बाई एकट्याच पुढे जाऊ लागल्या. दोन्या ग्रासिएलाचा पंखा थबकला.

सेनाइदाच्या गावात मिरवणूक चढाला लागली की कुणाचा ना कुणाचा दम संपतोच. तेव्हा शेजारच्याने त्याची ओळ उचलायची, त्याच्याकडे न बघता. धून पडू द्यायची नाही. सूर शिकवण्याआधी पोरांना हे शिकवतात, आणि जो विसरेल त्याच्या डोक्यात मामा आबुंदियो टपली हाणतो. सेनाइदाने विचार केलाच नाही. क्लॅरिनेट आपोआप तोंडाला गेलं. पियानोवाल्या बाई जिथे पोचल्या होत्या तिथून तिने इकेरची ओळ धरली.

इकेरचा चेहरा पांढराफटक पडला. पण हात वर आले, बोटं चालायला लागली. घाण्याच्या बैलासारखा तो शेवटपर्यंत गेला. टाळ्या झाल्या.

"हे काय केलंस तू?" उर्किदींनी सेनाइदाला समोर उभं करून विचारलं.

"त्याचा दम संपला ना, मास्तर. मग शेजारच्यानं धरायचं."

"शेजारच्याने!" उर्किदी पहिल्या रांगेकडे वळून हसले. "अगं पोरी, ही स्पर्धा आहे. इथे शेजारच्याचा दम कधी संपतोय याची वाट बघायची असते."

रांग खो खो हसली. पाळी नसताना वाजवलं म्हणून सेनाइदा बाद झाली. तिचं वाजवणं कुणी ऐकलंसुद्धा नाही. एक किरकोळ परीक्षक दबकत म्हणाला, "पण तो मुलगाही मध्ये थांबला, नियमाप्रमाणे..."

उर्किदींनी आपल्या खुर्चीच्या पितळी पट्टीवर हात ठेवला. "थांबला कुठे? सूर तर कुठेच तुटला नाही!"

काय ही अक्कल आणि काय हा कान! पहिला नंबर इकेरला मिळाला.

मामा आबुंदियोने तिचं क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवलं. तिने वाजवलं नसतं तर मात्र त्याने तिथेच टपली हाणली असती. तो बसची चौकशी करायला गेला आणि सेनाइदा सभागृहाच्या मागच्या पायऱ्यांवर बसून हमसाहमशी रडली. जागा गेली होती. आता आयुष्यभर डोंगर, मिरवणुका आणि मयती.

मागे पावलं वाजली. इकेर धावत आला होता, गळ्यात पदक, हातात चुरगळलेला गुच्छ. आतून त्याची आई हाका मारत होती, "इकेर, अरे फोटो राहिलाय! राजधानीला पाठवायचाय!" सेनाइदाने घाईघाईने डोळे पुसले. एवढा श्रीमंताचा पोरगा, पण आभार मानायला आला. आभार कसले, आमच्यात असंच असतं, असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

"कुणी सांगितलं होतं तुला?" तो ओरडला. त्याचे डोळे तिच्याहून लाल होते. "मूर्ख कुठली! मी विसरलो नव्हतो. दहा वर्षांत पहिल्यांदा थांबलो होतो!"